टायगर लीपची फळी आणि भीतीचा सराव: माझा अनुभव

एसएसबी म्हणजे सैन्यदलांत अधिकारी निवडणारं मंडळ. त्याच्या मैदानावर ३ मिनिटांत १० अडथळे असतात. १ ते १० गुणांचे, मिळून ५५. माझं घोडं अडलं होतं टायगर लीपवर. उंच फळीवरून झेप घेऊन समोरचा दोर पकडायचा. जमिनीवरून तोच दोर डोळे मिटून पकडता येतो, फळीवर मात्र पाय लटपटतात. यासाठी नागपुरात सहा आठवडे केलेला सराव कमांडोंच्या पद्धतीवरून बेतला होता.

अमेरिकेच्या नेव्ही सील्सच्या प्रशिक्षणात हात पाठीमागे आणि पाय बांधून खोल पाण्यात सोडतात. तळाला टेकायचं, उसळी मारून वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली, असं पाच मिनिटं. मग तरंगणं, १०० मीटर पोहणं, शेवटी तळाचा मास्क दातांनी उचलणं. धडपडणारा इथे दमतो; शरीराला सावकाश बुडू देणारा तळाला पाय रेटून सहज वर येतो. आपले छत्रीधारी सैनिकही आग्र्याला आधी जमिनीवरच विमानातून बाहेर पडणं आणि जमिनीवर उतरणं घोटतात. पंख, म्हणजे छत्रीधारीचा बिल्ला, मिळतात ते विमानातून पाच उड्या मारल्यानंतर. आधी हालचाल अंगात मुरवायची, उंची नंतर.

म्हणून पहिला आठवडा कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला दोर आणि सपाट जमीन, रोज ३० झेपा. मग २ फूट, ४ फूट, ६ फूट. खाली भुसभुशीत वाळू, शेजारी एक सोबती. सलग दहा झेपा स्वच्छ जमल्या तरच पुढची उंची. एकदम ६ फुटांवर चढून मागे फिरलं की फार नुकसान होतं: उतरताना जी सुटका वाटते, ती मेंदूला ‘पळणंच बरोबर’ असं शिकवते आणि दुसऱ्या दिवशी भीती वाढते. अडलात तर एक पायरी खाली या, तिथे एक झेप पूर्ण करा, मगच घरी जा.

चढण्याआधी ४ सेकंद श्वास आत, ४ रोखून, ४ बाहेर, ४ रिकामं. अशी पाच आवर्तनं. फळीवर एवढा वेळ नसतो, तिथे एकच लांब उच्छ्वास, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. अॅड्रेनलीनने बोटांची नाजूक पकड जाते, म्हणून दोर पूर्ण तळव्याने धरा. नजरही अरुंद होते, म्हणून दोरावर कपाळाच्या उंचीला एक गाठ ठरवून तिच्यावरच ठेवा. मनात दोनच शब्द: ‘दोर. झेप.’ ‘घाबरू नको’ म्हटलं की लक्ष भीतीकडेच वळतं.

चौथ्या आठवड्यापासून आधी २०० मीटर धाव आणि लगेच झेप, म्हणजे छाती धडधडत असतानाही हात चुकत नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हे पहाटेच करा. पाणी कमी पडल्यानेही छाती धडधडते. मग नेमकं काय आवरायचं तेच उमगत नाही.

पाण्यातला सराव मी मुद्दाम वगळला, तुम्हीही एकट्याने करू नका. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो.

आणि दोर हाती आला की घसरत खाली येऊ नका, तळवे सोलतात. हाताखाली हात टाकत उतरा.