रथसप्तमीची पहाट आणि पाच बीजाक्षरे

आमच्या मंडळाचे वार्षिक संमेलन दरवर्षी रथसप्तमीला, नागपूरच्या धंतोलीतील एका शाळेच्या सभागृहात, भल्या पहाटे सुरू होते. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी हे सारे यथासांग पार पडते. मी वर्षभर वाट पाहते ती गुरुजींच्या भाषणाची आणि त्यानंतरच्या सामूहिक बीजमंत्रपठणाची.

गुरुजी निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. त्यांचा विषय ठरलेला असतो: शरीरातील पंचमहाभूतांचा समतोल आणि त्यांची बीजाक्षरे, म्हणजे पृथ्वीचे लं, जलाचे वं, अग्नीचे रं, वायूचे यं आणि आकाशाचे हं. ‘आकाशाद्वायुः, वायोरग्निः, अग्नेरापः, अद्भ्यः पृथिवी’ या तैत्तिरीय उपनिषदातील वचनाने ते प्रारंभ करतात. सृष्टी या क्रमाने खाली उतरली आणि भूतशुद्धी, म्हणजे देहातील या महाभूतांची शुद्धी, करणारा साधक तीच वाट उलट चढतो. पृथ्वी जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत आणि वायू आकाशात मिळवत जातो, हे ते इतक्या सावकाश समजावतात, की ऐकणाऱ्याचा श्वासही आपोआप संथ होतो. मग योगतत्त्वोपनिषदाच्या आधारे पायांपासून गुडघ्यांपर्यंत पृथ्वीचे स्थान, हृदयापासून भ्रूमध्यापर्यंत वायूचे, त्याच्या वर मस्तकापर्यंत आकाशाचे, असे हाताने दाखवत ते वर येतात.

माझा जीव मात्र पुढच्या भागात अडकलेला असतो. गुरुजी एखाद्या लहान मुलाला जवळ बोलावतात आणि त्याच्याकडून पाचही अक्षरे एकेक करून म्हणवून घेतात. लं म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते, वं दात आणि ओठ मिळून उच्चारतात, रं मूर्धन्य, यं तालव्य आणि हं थेट कंठातला. म्हणजे उच्चार ओठांपर्यंत येऊन तिथून एकेक पायरी आत वळत जातो. ‘बाळा, शेवटच्या अक्षराला जीभ कुठे लागली रे?’ असे ते विचारतात. मूल क्षणभर गोंधळते आणि म्हणते, ‘कुठेच नाही.’ ‘तेच आकाश,’ गुरुजी म्हणतात. हे उत्तर मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकले असेल, पण दर वेळी डोळे भरून येतात.

औषध सोडून मंत्र म्हणा असे गुरुजींनी कधीच सांगितलेले नाही. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्या, हे ते व्यासपीठावरूनच बजावतात. जप हा चित्त आणि श्वास स्थिरावण्यासाठी आहे, असे ते मानतात. ज्यांना हे सारे कठीण वाटते त्यांना ते मानसपूजेची आठवण देतात: ‘लं पृथिव्यात्मकं गन्धं समर्पयामि’ म्हणताना आपल्यातलीच पृथ्वी देवाला वाहायची असते, मग हं म्हणत पुष्प, यं म्हणत धूप, रं म्हणत दीप आणि वं म्हणत नैवेद्य.

एका गोष्टीचे वाईट वाटते ते लिहितेच. पठणाच्या वेळी सतरंजीवर जेमतेम तीस-पस्तीस माणसे असतात आणि सांबारवडी व वडाभाताच्या पंगतीला शंभरावर पाने होतात. माघातली नागपूरची थंडी मला ठाऊक आहे. परंतु महाल भागातून येणाऱ्या आमच्या आजींना ती चुकत नाही, तर सभागृहापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्यांना का आडवी यावी?

या आजींना ऐकू येत नाही. तळहात छातीवर ठेवून, आतला कंप जाणवेल तसे त्या म्हणतात. सगळे थांबल्याचे त्यांना कळत नाही, म्हणून शेवटचा हं त्यांचा एकटीचा उरतो. बारीक, किंचित कापरा, पण सुटत नाही. कुणीही त्यांना खूण करत नाही. गुरुजीसुद्धा डोळे मिटून थांबतात, आणि तो स्वर आपसूक विरल्यावरच शांतिपाठ सुरू होतो.

आभारप्रदर्शनात घाईघाईने माणसे सुटतात, म्हणून येथे नोंदवते. पहाटे चारला कुलूप उघडून देणारे शाळेचे शिपाईदादा, सतरंज्या झटकून घालणारी दोन्ही भावंडे, ध्वनिक्षेपकाचे भाडे न घेणारे बर्डीवरील भाऊ, गंध उगाळून तबक सजवणाऱ्या काकू, प्रसादाला काटोलहून स्वखर्चाने संत्री आणणारे दादा, स्वयंपाकघरातील पाचही वहिनी, आणि निमंत्रणपत्रिका हाताने लिहिणारे खजिनदारकाका, ज्यांचा उल्लेख मागील वर्षी माझ्याकडूनच राहिला होता. आजींना शालीत गुंडाळून महालातून स्कूटरवर आणणारी त्यांची नातसूनही यात आहे. ती बाहेर गाडीपाशी थांबते, आत येऊन बसत नाही, म्हणून तिचे आभार आजवर कुणी मानलेले नाहीत. यंदा गुरुजींच्या शेजारची जागा मी तिच्यासाठी राखून ठेवणार आहे.