राजधानी होती, आता तालुकाही नाही

औंध, आश्विन वद्य षष्ठी

काल पंचमीचा संगीत उत्सव झाला. रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकलं आणि सकाळी आत्याच्या हातचा चहा पिऊन लिहायला बसलोय.

पुण्यात कुणाला 'औंधला चाललोय' म्हटलं की तो ब्रेमेन चौकापर्यंत सोडू का विचारतो. ते औंध वेगळं. हे साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं, पावसाने कायम हात आखडता घेतलेलं औंध. १९४८ पर्यंत ही एका संस्थानाची राजधानी होती. आज इथे तालुक्याची कचेरीसुद्धा नाही, ती वडूजला.

आधी उत्सवाविषयी, कारण ते अजून कानात आहे. गायक अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली हा सुरू केला, पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला, आता त्यांच्या शिष्यपरंपरेतली मंडळी चालवतात. पुण्यामुंबईचे जाणते कानसेन येतात, पण मला पाहायला आवडतात ते गावातले लोक. काल माझ्या शेजारी एक टोपीवाले आजोबा होते. विलंबित एकताल इतका संथ की मी मात्रा मोजता मोजता दोनदा भरकटलो. आजोबांची बोटं मात्र गुडघ्यावर निवांत चालली होती, आणि समेला मान बरोबर खाली. मध्यंतरात विचारलं, "गाणं शिकलायसा का?" तर म्हणाले, "छ्या! घरी म्हसरं हायती. दरसाली येऊन बसतुया, एवढंच." गावाची संस्कृती वगैरे जे म्हणतात ते मला इथे दिसतं. संग्रहालयापेक्षा इथे जास्त.

तरी काल दुपारी संग्रहालयात जाऊन आलो. औंधला येऊन ते न बघता गेलं की मामांना राग येतो. डोंगराच्या वाटेवर १९३८ साली राजांनी उभारलेलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, आणि या सगळ्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प. खटावच्या दुष्काळी माळावर हेन्री मूर! एका शाळेची सहल आली होती. एक पोरगा त्या शिल्पापुढे बराच वेळ थांबला आणि मित्राला म्हणाला, "ह्ये अर्धंच ऱ्हायलंय बघ." मला वाटतं, त्या दालनात त्या दिवशी मूरकडे नीट पाहिलं ते त्यानेच.

राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रं काढायचे, उभं राहून कीर्तन करायचे, आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा ते इथे देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिलं, १९१० साली. तीच किर्लोस्करवाडी. संस्थान म्हणजे काही सलग मुलूख नव्हता. औंध इकडे, कुंडल तिकडे, आटपाडी माणदेशात, एक तुकडा पार विजापूरकडे. सगळी मिळून बहात्तर गावं.

पण या माणसाने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट संग्रहालयात ठेवता येत नाही. त्याने राज्य सोडलं. लोकांच्या हाती दिलं. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, भगवी वस्त्रं घालून भारतानंद झालेला, राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या ओळखीने औंधात आला. राजे, अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले, गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाची राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ ला ती लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, गावांच्या पंचायतींमधून तालुका समिती, तिच्यातून विधिमंडळ. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, भिंतींवाचूनचा तुरुंग, कैदी बायकापोरांसह राहून शेती करणार. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट त्यावरूनच सुचलेली. लिहिली गदिमांनी, आणि माडगूळही औंध संस्थानातलंच.

आणि ८ मार्च १९४८ ला विलीनीकरण. खेळ नऊ वर्षांत आटोपला. त्याच वर्षी, गांधीहत्येनंतर, साताऱ्याच्या गावोगावी ब्राह्मणांची घरं जळाली. तीस वर्षं औंधात राहून वेद छापणारे पंडित सातवळेकर आपलं स्वाध्याय मंडळ उचलून गुजरातेत पारडीला गेले. गांधींच्या सल्ल्याने ज्या मुलखाने स्वराज्य आणलं, तिथल्या माणसाला गांधींच्या मृत्यूनंतर गाव सोडावं लागलं. गावात याविषयी फारसं कुणी बोलत नाही. राजांच्या गोष्टी मात्र पोराटोरांनाही पाठ आहेत.

हे सगळं मी सकाळी मामांपुढे मोठ्या तळमळीने मांडत होतो. आत्या चुलीपुढे. तिची उद्या वडूजला तारीख आहे, बांधावरून भाऊबंदांशी वाद. मी म्हटलं, बघा, तेव्हा हाच वाद गावातल्या पंचांपुढे इथल्या इथे मिटला असता. वकील नको, एसटी नको.

आत्याने तवा खाली ठेवला. "आणि पंच कोण असतं रं? माझा चुलतदीरच न्हवं का!"

मामा हसले. मी हसलो नाही, कारण उत्तर नव्हतं.

"वडूजच्या सायबाला आमचं कोण कुणाचं काय ठावं न्हाई," ती म्हणाली, "त्येच बरं हाय."

मला ते सगळं पटलं असं नाही. अप्पासाहेबांनी आणि फ्रीडमननी गावोगाव हिंडून माणसं उभी केली होती, पंच म्हणजे भाऊबंदच असं तेव्हा प्रत्येक गावात झालं नसणार. पण आत्याच्या पिढीने पंचायत पाहिली ती नंतरची, निवडणुकीची, दोन गटांची. त्या नऊ वर्षांचा अनुभव कुणाच्या अंगात मुरायच्या आत संपला. राजाची आठवण राहिली, कारण राजा एक माणूस होता, त्याचा फोटो भिंतीला लावता येतो. बहात्तर गावांत निवडून आलेल्या त्या पंचांची नावं मी मामांना विचारली. आपल्या गावचं एकही त्यांना सांगता आलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीने आत्याबरोबर वडूजला जायचंय. तिने उतारे, नकाशा आणि भाकरी एकाच पिशवीत भरून ठेवलंय.