मधली पानं

शुक्रवार, रात्री.

भाचीने पुस्तिकेचं दुसरं प्रकरण तपासून पाठवलं. शुद्धलेखन सुधारलंय, लांबलेली वाक्यं तोडलीत, दोनेक ठिकाणी माझ्यापेक्षा बरं लिहिलंय. आणि समासात एक ओळ: 'मावशी, हे नेमकं कोण वाचणार?'

बस. पुढे काही नाही.

तिच्या मनात काही नाही हे मला माहीत आहे. संगणकावर मजकूर कसा लिहावा-छापावा याची सरांची पुस्तिका नव्याने करूया म्हणून माझ्या मागे लागली ती हीच. तरी ती ओळ वाचल्यापासून काहीतरी खुपतंय. पाववाला पोदेर भोंगा वाजवून गेला, ऐकूच आलं नाही. रात्री दुपारच्या भातावर भागवलं. वीज गेली, आली, परत गेली. मी तिथेच.

प्रश्न चुकीचा असता तर खोडून मोकळी झाले असते. तो बरोबर आहे, तेच खुपतंय बहुतेक.

सरांनी ही पुस्तिका लिहिली तेव्हा वाचणारे समोर बसलेले असायचे. अंकाची पानं लावायला येणारी मुलं, प्रुफं तपासणारे गुरुजी आणि मी. काही अडलं की सर म्हणायचे, 'पुस्तिकेत बघ.' पुस्तिकेत ते नसलं तर रात्री बसून घालायचे. त्यामुळे तिच्यात भलत्या जागी भलतंच सापडतं. फाइलींना नावं कशी द्यावीत या परिच्छेदात मध्येच 'जत्रेच्या आठवड्यात छपाई धरू नये' असं एक वाक्य आहे. भाचीने ते काढलं. मी परत घातलं.

दुसरं प्रकरण ईडीचं. (हल्ली हे नाव घेतलं की माणसं दचकतात. हा ईडी वेगळा, हा घरी येत नाही.) १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्पसन यांनी लिहिलेला, युनिक्स या कार्यप्रणालीबरोबरच जन्मलेला, मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम. तेव्हा समोर पडदा नसायचा. टेलिटाइपवर टाइप करायचं आणि उत्तर कागदावर ठकठकत उमटायचं. अक्षराअक्षराला वेळ लागायचा, म्हणून ईडी कमी बोलतो. ओळ मागितली तर ओळ देतो. चुकलात तर एक प्रश्नचिन्ह छापतो, काय चुकलं ते सांगत नाही. सरांनी तिथे लिहिलंय: 'प्रश्नचिन्ह आले म्हणून घाबरू नये. तो रागावलेला नाही. त्याला एवढेच बोलता येते.'

भाचीची ओळ नेमकी याच पानावर आहे.

या प्रकरणातली सगळी उदाहरणं मी चालवून पाहिली आहेत. ओळ शोधा, शब्द बदला, फाइलीत लिहा, बाहेर पडा. एकाही आज्ञेचं अक्षर बदलावं लागलं नाही. उलट तेव्हा जे जमत नव्हतं ते आता जमतं. सरांनी 'यात देवनागरी चालणार नाही' अशी चौकट घातली होती. मी सरळ मराठीत ओळ टाइप केली, एक शब्द बदलला, जतन केली, पुन्हा उघडली. जशीच्या तशी. हे श्रेय ईडीचं नाही, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीचं. तीही थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्याबरोबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडलेली. जुन्या प्रोग्रॅमांना पत्ताही न लागता त्यांच्या हातून नवी अक्षरं सुखरूप जावीत, अशी तिची रचना. चौकट खोडली. आजवरच्या दुरुस्त्यांत आनंदाने केलेली ही एकच.

टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत मात्र मराठी अजून अवघडूनच बसते. तिथे सगळा हिशेब सारख्या मापाच्या घरांचा. जोडाक्षरं त्यात मावत नाहीत, वेलांटी शेजारच्या घरात डोकावते. फाइलीत बरोबर, डोळ्यांना चूक. हे लिहायला हवं, नाहीतर नवीन माणूस बरोबर असलेलं दुरुस्त करत बसेल.

नवीन माणूस. कोण नवीन माणूस?

तिसऱ्या प्रकरणाला फारसा हात लागला नाही. व्हीआय आणि त्याचा पुढचा अवतार विम, हेही मजकूर लिहायचेच प्रोग्रॅम. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या, एच, जे, के, एल यांच्यावरच बाण काढलेले होते, म्हणून आजही बोटं तिथे जातात. हे सांगताना सर टेबलावरच बोटं चालवून दाखवायचे. प्रकरणाच्या शेवटी त्यांची ओळ आहे: 'विममध्ये दोष आढळल्यास ब्राम मूलेनार यांना कळवावे. उत्तर येते.' विमचे कर्ते मूलेनार २०२३च्या ऑगस्टमध्ये गेले. ओळ काढली. 'उत्तर येते' काढताना जरा... असो. सरांच्या घरी काकींना फोन करायचा राहतोय. उद्या करीन.

खरं दुखणं पाचव्या प्रकरणापासून. ती मी लिहिलेली.

१९९१ मध्ये हॉलंडच्या फ्रान्स वेल्टहुइस यांनी टेक या छपाईची पानं जुळवायच्या प्रोग्रॅमसाठी देवनागरी आणली. (विमही त्याच सालचा, मूलेनारही तिथलेच. त्या वर्षी त्या देशाच्या पाण्यात काय होतं कोण जाणे.) मराठी रोमन अक्षरांत टाइप करायची. आ हवा तर ए दोनदा, ट हवा तर टीच्या आधी टिंब. ती फाइल एका प्रोग्रॅममधून काढायची, जे हाती येईल ते टेकला द्यायचं, त्यातून डीव्हीआय नावाची जुळवलेल्या पानांची फाइल, त्यातून प्रिंटर. एवढं करून पहिलं पान बाहेर आलं तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि जोडाक्षरं पुन्हा पाहिली. एकही तुटलेलं नव्हतं. ते पान कुठल्या फाइलीत आहे ते मला माहीत आहे, पण आज काढणार नाही.

आणि यातलं काहीही बंद पडलेलं नाही. आजही ते सगळं टेक लाइव्ह या टेकच्या संचात आहे. परवा चालवलं, पानं निघाली. फक्त ते कुणाला लागत नाही. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक, टेकचाच नवा अवतार, आलं. युनिकोडमध्ये मराठी टाइप करा, फॉन्टचं नाव सांगा, पीडीएफ घ्या. माझी चार प्रकरणं भाचीच्या दीड पानात बसली. तिथे तिने काही विचारलेलंसुद्धा नाही, सरळ वगळली. तेही बरोबरच आहे.

मोडलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. कुणाला तरी लिहिता आलं असतं, पॅच शोधता आला असता. चालतं आणि लागत नाही, यावर काय दुरुस्ती करायची? सगळी संध्याकाळ मी हेच उलटंपालटं करतेय. सरांच्या ईडीबद्दल तिने निदान विचारलं तरी. माझ्या पानांबद्दल तिला प्रश्नही पडला नाही. माझ्याबद्दलही हल्ली लोकांना... नको, हा विषय नको. आधीच पाऊस आहे.

साडेनऊला तिचा मेसेज. 'मावशी जेवलीस का', रोमन अक्षरांत. आ साठी एकदा एकच ए, ह्रस्व-दीर्घ सगळं रामभरोसे. वेल्टहुइसच्या नियमांत बसवायचं म्हटलं तर प्रोग्रॅमने पहिल्याच शब्दाचं भलतंच काहीतरी केलं असतं. म्हणजे रोमनमध्ये मराठी कशी लिहावी यावरची माझी चार प्रकरणं वगळणारी ही मुलगी दिवसभर रोमनमध्येच मराठी लिहिते, आणि तीही बेशिस्त! मला एकटीलाच एवढं हसू आलं की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

गोव्यात याचं नवल तरी कुणी करावं. अबिसिनियासाठी (आजचा इथिओपिया) म्हणून पोर्तुगालहून निघालेला छापखाना १५५६ मध्ये इथेच राहिला, भारतातला पहिला. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं क्रिस्तपुराण छापून झालं. भाषा मराठी, अक्षरं रोमन. त्याच्या मनात देशी अक्षरांत छापायचं होतं. १६०८ मध्ये त्याने रोमला तसं लिहिलंही होतं: इथलं एकेक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार, त्यामुळे साचे ६००पर्यंत जातात, पण युक्तीने ते २००वर आणता येतात. भारतातल्या छपाईचा इतिहास लिहिणाऱ्या प्रियोळकरांनी हे सगळं नोंदवून ठेवलंय. ६००चे २०० करायचा हिशेब मांडत बसलेला तो पाद्री मला एकदम आमच्यातलाच वाटला. आमच्याकडे तेव्हा याहून वेगळं काय चाललं होतं? त्याचं तर काही छापूनही झालं नाही त्या अक्षरांत. आमची पानं निदान निघाली.

पुस्तिकेतलं सगळ्यात जुनं ते टिकलंय, एका चौकटीपुरतं बदलून. सगळ्यात नवं आहे ते भाची बघून घेईल. उडालं ते मधलं, ज्याला आम्ही मोठ्या तोऱ्यात 'आधुनिक पद्धत' असं शीर्षक दिलं होतं. मीही त्या मधल्यातलीच. कितें करतलें.

एक पान मात्र मी सोडणार नाही. सातव्या प्रकरणातलं, फॉन्ट पारखायचं. सरांनी त्यासाठी ओळ रचली होती: 'दर्यावरून दऱ्या दिसतात आणि आचाऱ्याने आचार्यांना वाढले.' ज्याने कुणी फॉन्ट नुसता हिंदी डोळ्यापुढे ठेवून केला असेल त्याचं पितळ इथे उघडं पडतं. एकतर दऱ्यांचा दर्या होतो, नाहीतर र पाय मोडून उभा राहतो. युनिकोडात 'ऱ्या'तल्या या आडव्या रसाठी नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, किंवा हलन्तापुढे न दिसणारं जोडचिन्ह. आणि झीलाटेकला, म्हणजे झीटेकच्या नेहमीच्या वापरातल्या रूपाला, भाषा मराठी आहे हे वेगळं सांगावं लागतं. फॉन्टमध्ये सोय असेल तरच मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे दीड पानात आलेलं नाही. शोभिका आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट उतरवून ठेवलेत, उद्या वीज असली तर ही ओळ दोन्हींत छापून बघीन आणि पान तिच्याकडे पाठवीन. कोण वाचणार ते विचारायच्या आधी तिने ती ओळ स्वतः टाइप करून दाखवावी.

आवृत्तीचा आकडा राहिलाय. टेकचे कर्ते डोनाल्ड क्नूथ त्याच्या प्रत्येक आवृत्तीला पाय (π) या गणिती संख्येचा एकेक आकडा वाढवत नेतात. २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३वर आली, पुढची तपासणी त्यांनी २०२९वर ठेवली आहे. वय बघता हा आत्मविश्वास मला फार आवडतो. सरांनी नक्कल म्हणून आपल्या पुस्तिकेवर ३.१ टाकलं होतं. तेव्हा आता ३.१४.

मुखपृष्ठावर वर सरांचं नाव, खाली माझं. भाचीचं घालायचं का? विचारलं तर नको म्हणेल. न घालता छापलं तर चवथीला घरी आल्यावर नेवऱ्या खाता खाता, का नाही घातलं म्हणून विचारेल. घालते.