अँचेलॉटी माझ्या यादीत चौथाच राहणार

दिवाळीला इंग्लंडहून ठाण्यात आलोय. पहिल्या अंघोळीनंतर राम मारुती रोडची गर्दी झाली, मग शाळेतले आम्ही चौघं तलावपाळीला बसलो, त्यातला एक नेमका लिव्हरपूलचा लाल टीशर्ट घालून. म्हणाला, "तुझ्या एव्हर्टनचे इतके मॅनेजर झाले, लाव बघू नंबर." एव्हर्टन म्हणजे लिव्हरपूल शहरातलाच दुसरा फुटबॉल क्लब, त्यांचा कट्टर वैरी आणि माझा लाडका. नंबर लावले, आणि अँचेलॉटी या जुन्या मॅनेजरवर भांडण झालं.

पहिला शॉन डाइच. यावर कोणी हसलं की मला राग येतो. जानेवारी 2023 ला आला तेव्हा प्रीमियर लीगच्या वीस टीममध्ये आमची एकोणिसावी, शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात, सीझनच्या शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध आमच्या डुकुरेने एक गोल मारला म्हणून वाचलो. बरं, पुढच्या सीझनला नोव्हेंबरमध्ये लीगने 10 पॉइंट कापले, तीन वर्षांत 105 मिलियन पाउंडच्या वर तोटा केला म्हणून, आणि तो हिशोब होता डाइच यायच्या आधीच्या वर्षांचा! म्हणजे खर्च केला दुसऱ्यांनी, निस्तरलं याने. चौदावरून थेट एकोणीसवर. आणि मग डिसेंबरमध्ये लागोपाठ चार मॅच जिंकल्या, फॉरेस्ट, न्यूकॅसल, चेल्सी, बर्नली, चारही मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही.

त्यातली न्यूकॅसलची मी गुडिसनवर, म्हणजे एव्हर्टनच्या जुन्या मैदानावर, बघितली. शेजारचे आजोबा, गोदीत काम करून रिटायर झालेले, पॉइंट कापले त्या आठवड्यात दार वाजवून म्हणाले, बायको गेल्यापासून तिची सीट रिकामीच असते, तू चल. लाकडी खुर्ची, समोर खांब, कॉर्नर बघायचा तर मान वाकडी करायची. एकोणऐंशीव्या मिनिटापर्यंत 0-0, आजोबा एक शब्द बोलले नव्हते, थर्मासमधला चहा झाकणात ओतून नुसता धरून बसलेले. आमच्या मॅकनीलने गोल मारला आणि तो सगळा चहा माझ्या गुडघ्यावर. 3-0 झालं. मला तिथे येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि कोणी असं बायकोच्या जागेवर बसवतं का हो? आपल्या सोसायटीत आधी विचारतात, ओनर की भाडेकरू.

असं म्हटल्यावर हे तिघं चिडले, आणि बरोबर आहे त्यांचं, माझ्या बाबांना रात्री अडीचला हॉस्पिटलमध्ये नेलं ते खालच्या मजल्यावरच्या काकांनीच. मी तिकडे होतो.

पॉइंटचं म्हणाल तर अपिलात 10 चे 6 झाले, मग एप्रिलमध्ये अजून 2 गेले, तरी त्याच महिन्यात गुडिसनवर लिव्हरपूलला 2-0. घरच्या मैदानावर डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबची मॅच, 2010 नंतर पहिल्यांदा जिंकलो. लाल टीशर्टवाला यावर काही बोलला नाही.

दुसरा मॉइस, दुसऱ्यांदा आलेला. आधी अकरा वर्षं होता, 2013 ला गेला, जानेवारी 2025 ला परत आला, आणि 1892 पासूनच्या गुडिसनवरची पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच त्याच्याच हाताखाली झाली, साउथहॅम्प्टनला 2-0. तिसरा लॅम्पार्ड, एका रात्रीसाठी, मे 2022, पॅलेसविरुद्ध 0-2 वरून 3-2, त्या रात्री लीगमध्ये टिकलो. सिल्वा, कुमन, अॅलरडाइस यांच्यावर वेळ घालवत नाही. बेनिटेझ शेवटचा, लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस आमच्याकडे आणायचाच कशाला.

अँचेलॉटी चौथा. मान्य, लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, 1999 नंतर पहिला विजय त्यानेच दिला, हामेस रॉड्रिगेझसारखा स्टार आला तो त्याच्यामुळे. पण साडेचार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सही करून दीड वर्षात रिअल माद्रिद क्लबला गेला. माद्रिदने बोलावलं आणि निघाला.

तर लाल टीशर्टवाला शांतपणे म्हणाला, "मग तू वेगळं काय केलंस? मोठ्या ठिकाणाहून फोन आला, गेलास."

दोन दिवस हेच डोक्यात आहे. वेगळं आहे. मी इथल्या कंपनीत नोटीस पिरियड पूर्ण तीन महिने केला, माझ्या जागी आलेल्या मुलाला सगळं काम शिकवून निघालो. वागळे इस्टेटमधला तो पगार आणि बाबांची दर महिन्याची औषधं हे गणित जमतच नव्हतं, आता जमतं, बहिणीचं शिक्षण झालं, आईला विचारा. मी कुठल्या सहीवर साडेचार वर्षं लिहिली नव्हती. "मॉइस परत आला, तू कधी?" असंही त्याने विचारलं, त्यावर मी म्हटलं मॉइस बारा वर्षांनी आला, माझी आत्ता कुठे चार होतायत.

अँचेलॉटीचा नंबर बदलत नाहीये.