शेवाळाचं पोट

सिंहगडाच्या पायवाटेवर दम लागला की लोक थांबतात. मी दरडीला नाक लावतो. भिंग काढायला निमित्त मिळतं. नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरत आला की सावलीतल्या मातीवर हिरव्या फितीचे तुकडे डकवल्यासारखं काहीतरी दिसतं. पुणेकर त्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो आणि त्यावरून घसरतो. हे लिव्हरवर्ट, जमिनीला चिकटून वाढणारी चपटी, बिनफुलांची वनस्पती. युरोपात कुणाला त्यात यकृताचा आकार दिसला म्हणून हे नाव. मला त्यात खाटकाकडची कलेजी अजून तरी दिसलेली नाही.

शाळेच्या पुस्तकातलं मर्केंशिया या लिव्हरवर्टचं चित्र डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे कित्येक वर्षं दिसेल त्याला मी मर्केंशिया म्हणत हिंडलो. मर्केंशियाच्या पाठीवर दातेरी काठाच्या इवल्या वाट्या असतात, वाट्यांत हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब पडला की टिकल्या उडतात आणि दुसरीकडे रुजतात. इथे वाटी शोधून डोळे दुखले, तेव्हा कुठे शंका आली.

मग छत्री शोधली, म्हणजे बीजाणू धरणारा छत्रीसारखा दांडा. लिव्हरवर्टांपैकी प्लॅजिओकाझ्माची छत्री पाठीच्या मधूनच उगवते, अ‍ॅस्टरेलाची फितीच्या टोकाशी. रिक्सियाला छत्रीच नाही, सगळा संसार पोटात. माझ्या फितीला ना वाटी, ना छत्री. पाठीवर पांढरे ठिपके तेवढे होते, हवेच्या छिद्रांचे. पण ते तर यांतल्या बऱ्याच जणांना असतात.

वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “उपटून बघा की, मुळाशी काय हाय ते!”

मूळ यांना नसतंच, केसासारखे तंतू असतात. पण एवढं ज्ञान पाजळण्याआधी मी नखाने एक फीत उलटवली. कडेने काळपट जांभळे खवले, आणि टोकाशी, बरोब्बर खालच्या अंगाला, काळी चकचकीत डबी. मिटलेली तिसऱ्याची शिंपलीच जणू, फक्त मोहरीएवढी. टार्जिओनिया हायपोफिला! हायपोफिला म्हणजे पानाखालचं. कुठे बघायचं ते नावातच सांगून ठेवलेलं, आणि मी अर्धा तास पाठ न्याहाळत बसलो होतो. मावशींकडून दोन ग्लास ताक घेतलं.

ती फीत काडेपेटीतून घरी आणली. दोन दिवसांत तिने अंग मिटलं. हिरवं आत, काळं बाहेर, अशी बारीकशी सुरळी. आई कचरा म्हणून ती झाडणार, तेवढ्यात मी तिच्यावर चमचाभर पाणी घातलं. सुरळी हळूहळू उलगडायला लागली, आणि आई केरसुणी हातात धरून तशीच वाकून बघत राहिली.