मधनंच घुसणार बघ

रविवार, २२ ऑक्टोबर २०२३. आठवी माळ.

काल आमचा संघ, आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा, मिनेसोटाकडून हरला. हरलो त्याचं काही नाही. आठांपैकी सहा सामने जिंकलोय, रडायला तोंड नाही. कालपासून कुरतडतंय ते वेगळंच आहे. कुठल्या कॉमेंटेटरचं वाक्य नाही ते, आईचं आहे.

"आता परत मधनंच घुसणार बघ."

तिसरा क्वार्टर चालू होता. आई सोफ्यावर मांडी घालून वाती वळत होती. (परत जाण्याआधी वर्षभराच्या वळून ठेवणार आहे. हिला त्या नीट जमत नाहीत असं तिचं मत. हिचं मत मी इथे लिहीत नाही.) तिने मानसुद्धा वर केली नाही. तिकडे क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, बॉल मागच्या पोराच्या पोटात कोंबला, पोरगा नाकासमोर ढिगाऱ्यात शिरला, दोन यार्ड. परत रांगा लागल्या. "परत मधनंच." दोन यार्ड. "आता लांब फेकल्यासारखं करील आणि जवळच टाकील." सहा हवे होते, तीन मिळाले. "आता लाथ." मारली लाथ.

आई येऊन सहा आठवडे झाले. सप्टेंबरपर्यंत फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढंच तिला ठाऊक होतं. मी हा संघ चौदा वर्षं बघतोय. आणि तिचा अंदाज माझ्या आधी येतो.

तिला खेळ समजावला तो कबड्डीवरून. चार चढायांत दहा यार्ड सरकायचं. सरकलात तर नव्या चार, नाहीतर बॉल समोरच्याचा. चौथी चढाई सहसा कुणी करत नाही. लांब लाथ हाणून समोरच्याला त्याच्याच उंबऱ्यापर्यंत मागे ढकलतात, त्याला पंट म्हणतात. म्हणजे खरी चढाई तिसरी. "करो या मरोची," आई म्हणाली. तालुक्याला कबड्डी खेळलेली बाई, प्रो कबड्डी लागली की मालिकासुद्धा बंद करते. तिला बाकी सगळं समजलं. तिसऱ्या चढाईला गडी नुसता निदानरेषेला, म्हणजे चढाईत गाठावीच लागते त्या रेषेला, पाय लावून परत कसा येतो, एवढंच काही केल्या समजत नाही. "दोन रिकाम्या गेल्यावर आत शिरावंच लागतं रे. पकडला तर पकडला."

मी म्हटलं, आमच्याकडे पद्धत वेगळी आहे. आमचा डिफेन्स चांगला आहे, आमचा पंटर चांगला आहे, मग आपण कशाला धोका पत्करायचा.

बोललो आणि मलाच कसंतरी झालं. चौदा वर्षं ऐकलेलं वाक्य माझ्याच तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं.

आमचा पंटर चांगला आहे हे खरंच. टोरी टेलर, मेलबर्नचा. किनिक स्टेडियमवर तो मैदानात आला की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आपला डाव फसला, बॉल परत देतोय, आणि आपण टाळ्या वाजवतोय. मीही वाजवल्यात. पंट म्हणजेच विजय अशा अर्थाचे टीशर्ट इथे मिळतात. माझ्याकडे एक आहे, पिवळ्यावर काळं. काल तोच घातला होता. गेल्या वर्षी आपण साउथ डकोटा स्टेटला ७-३ ने हरवलं तेव्हा ते सात कुठून आले म्हणून ऑफिसात पैज लागली होती. एक फील्ड गोल (लाथेने मारायचा, तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच हद्दीच्या टोकाला अडवलं की दोन गुण). टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन पलीकडच्या रेषेपार जाणं, शून्य. तेव्हा हसलो होतो. त्यात एक तिरपा अभिमानही होता, आमटीत मीठ नसताना "आमच्याकडे अशीच करतात" म्हणणाऱ्या माणसाचा असतो तसा.

काल हसू आलं नाही.

हाफटाइमला १०-३ ने पुढे होतो. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या ऑफेन्सने अख्खे बारा यार्ड कमावले. अर्धा सामना, बारा यार्ड. रात्री मी मोजून पाहिलं (हो, टेप घेऊन): आमच्या पुढच्या दारापासून शेजाऱ्यांच्या मेपलपर्यंत. तेवढ्या वेळात मिनेसोटाने काही फार मोठं केलं नाही, एकेक करत फील्ड गोल मारत राहिले. सामन्यात एकूण चार. चार त्रिक बारा. १२-१०.

सगळं राज्य आज पंचांना शिव्या घालतंय. दीड मिनिटाच्या आत खेळ उरलेला असताना आमच्या कूपर डिजीनने त्यांचा पंट उचलला, कडेकडेने असा काही पळाला की मी आईच्या वातींचा डबा लाथाडला, आणि थेट टचडाउन. मग पाच मिनिटं व्हिडिओ बघून पंचांनी सांगितलं, बॉल येताना याने डावा हात हलवला होता. हात हलवला की तो 'पळणार नाही' असा इशारा धरतात, मग पळता येत नाही. पळणं रद्द, गुण रद्द.

"हात हलवला म्हणून?" आई म्हणाली.

पहिला क्वार्टर संपला तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, की आता स्टेडियममधले सगळे, ६९,२५० माणसं, समोरच्या संघाचेसुद्धा, पाठ फिरवून शेजारच्या हॉस्पिटलमधल्या आजारी मुलांना हात करतात. २०१७ पासूनची प्रथा आहे. तिने हातातल्या कापसासकट हात हलवला होता, कोरलव्हिलमधल्या सोफ्यावरून. आणि शेवटी एका हातावरून हे. तिला ते फार लागलं. पंचांना सांगलीकडचं एक विशेषण लावलं तिने, उपवास असूनसुद्धा.

पण त्यानंतरही बॉल आपलाच होता की! वेळ होता, मैदानाच्या जवळपास मध्यावर होतो, एक फील्ड गोल पुरला असता. लगेच इंटरसेप्शन, आपण फेकलेला बॉल त्यांनीच झेलला. त्याबद्दल कुणीच बोलत नाही. पंचांवर चिडणं सोपं आहे. चांगलं झणझणीत चिडता येतं, झोप लागते. बारा यार्डांवर चिडायला गेलं की झोप लागत नाही.

मिनेसोटाची पोरं मैदान ओलांडून धावली आणि ट्रॉफी उचलून घेऊन गेली. ब्राँझचं डुक्कर. १९३५ पासून या दोन राज्यांत त्यावरून चाललंय. "डुकरासाठी?" आईने विचारलं. तिला ते समजावणं मी पुढे ढकललं. १९९९ नंतर पहिल्यांदाच जिंकले ते इथे येऊन. १९९९ म्हणजे आपल्या साहेबांचं, हेड कोच कर्क फेरेंट्झ यांचं, पहिलं वर्ष.

साहेबांच्या चिरंजीवांबद्दल लिहिणार नाही असं ठरवलं होतं. एक परिच्छेद लिहितो.

आईला मी एवढंच सांगितलं, की हेड कोच वडील आहेत आणि कुठला डाव खेळायचा ते ठरवणारा त्यांचा मुलगा. "मग काढणार कोण त्याला?" दुसरा प्रश्नच नाही. इथल्या लोकांना या प्रश्नावर यायला काही हंगाम लागले. महाराष्ट्रातून आलेल्या बाईला अर्धं मिनिट. मी म्हटलं, नियमाप्रमाणे मुलगा वडिलांच्या हाताखाली नाही, तो विद्यापीठाच्या ॲथलेटिक डायरेक्टरला रिपोर्ट करतो. त्यावर ती हसली ते हसणं मला लिहून दाखवता येणार नाही. ज्यांनी झेडपीच्या निवडणुका बघितल्यात त्यांना ते माहीत आहे.

फेब्रुवारीत त्याचा करार बदलला, पन्नास हजार डॉलर पगार कापला आणि अट घातली: सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. तेरा सामने धरले तर ३२५ गुण. डिफेन्सने केलेले गुणही यात धरतात, म्हणजे पेपर सोपाच काढलाय. रात्री किराण्याच्या पावतीमागे बेरीज केली. २४, २०, ४१, शून्य, २६, २०, १५, १०. एकूण १५६. सरासरी १९.५. उरलेल्या पाच सामन्यांत १६९ हवेत. नववीतल्या पोराच्या प्रगतिपुस्तकासमोर बसल्यासारखं वाटलं, राग जाऊन एकदम वाईटच वाटायला लागलं. मूळ क्वार्टरबॅकचा गुडघा ३० सप्टेंबरला गेला, त्याच्या जागी आलेला पोरगा काय करणार. ज्या हातात जे नाही ते त्याच्याकडून… असो.

पण मुद्दा तोही नाही. डाव फसतो याचा मला राग नाही, डाव ओळखता येतो याचा आहे. समोरच्याला माहीत असावं आपण आता काय करणार, आपल्यालाही माहीत असावं की त्याला माहीत आहे, आणि तरी आपण तेच करावं. परत रांगेत उभं राहावं. परत मधनंच. यात एक प्रकारचा… भित्रेपणा म्हणवत नाही. भित्रा माणूस निदान पळतो तरी.

रात्री नऊला दादाचा फोन आला. तेच, खालच्या जागेचं. विकासकाला दिवाळीपर्यंत उत्तर हवंय, दादाला सही हवीय, आणि मी एकदा येऊन बघून जावं असं वहिनींना वाटतं. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालो, "मार्च होऊ दे दादा, मग बघू."

समोर आई बसली होती. वाती वळत. मान खाली. आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. मार्च होऊ दे दादा, मग बघू. शब्दाला शब्द, आणि माझ्या अर्धा सेकंद आधी.

फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही. "दूध घेतोस का?" म्हणाली.

मला झोप आली नाही. कुणाला काय पडलंय? बारा तास काम करा, दोन्ही घरांचं बघा, इथल्या बर्फाचं बघा, तिथल्या सातबाऱ्याचं बघा, प्रत्येकाला उत्तर दिवाळीच्या आत हवंय, आणि कुणी विचारत नाही की तू मार्चच का म्हणतोस. मार्चला कारण आहे. गेल्या वर्षीही होतं. त्याच्या आदल्या वर्षीही मार्चच होता, आता लिहिताना आठवलं. बाबा गेले तेव्हाही मी, राहू दे.

साडेतीनला उठलोच शेवटी, वर्ल्ड कपची न्यूझीलंडशी धर्मशाळेची मॅच होती. आईही उठली, ती तशी चारला उठतेच. शमीने पाच काढले तेव्हा जरा बरं वाटलं. मध्ये धुकं आलं, खेळ थांबला, मी तिच्यासाठी चहा केला, घटाला पाणी घातलं. धान चांगलं वीतभर आलंय, इथल्या मातीत येईल असं वाटलं नव्हतं.

मग शेवटी कोहली ९५ वर. जिंकायला पाच हव्यात आणि त्यालाही शंभराला पाचच हव्यात. एक सिक्स मारला की मॅच, शतक आणि सचिनच्या एकोणपन्नास शतकांशी बरोबरी. जगात एकाही माणसाला शंका नव्हती तो काय करणार याबद्दल. "आता हा उचलणार," आई म्हणाली. उचलला. मिडविकेटला झेल.

मी हसायला लागलो. थांबेचना. ही उठून आली काय झालं बघायला. काय सांगणार? याचाही डाव आईने ओळखला, बोलर हेन्रीनेही ओळखला असणार, आणि हा फसलाही. म्हणजे कालपासूनचं माझं सगळं तत्त्वज्ञान फुकट. ओळखता येण्यात काही नाही म्हणायचं. मग काल कशाचा एवढा राग आला होता? तो निदान सीमारेषेकडे बघून मारत होता, असं एक उत्तर सुचलं, पण हेही मी माझ्या सोयीने शोधलेलं असू शकतं. आपण चार गडी राखून जिंकलो, त्यामुळे मला आज सगळंच उदार दिसतंय.

दुपारी टीशर्ट धुवायला टाकला. फेकणार होतो, पण कापड चांगलं आहे.

पुढच्या शनिवारी सामना नाही. ४ नोव्हेंबरला नॉर्थवेस्टर्न, शिकागोत रिगली फील्डवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानात. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, पहिला डाव मधनंच. मी डावीकडून लावलाय. हरेल त्याने श्रीखंडाचा चक्का फेटायचा. दसरा परवा आहे आणि सामना त्यानंतर अकरा दिवसांनी, त्यामुळे परवाचा चक्का बहुतेक मीच फेटणार.

दादाला फोन करायचाय. तिकडे साडेपाच झाले असतील. तो पाचलाच उठतो, पण त्याचा चहा होऊ दे. उद्या करतो.