तुम्ही विचारलंत म्हणून : गोठवलेले बीज किती वर्षे टिकते?

ठाण्यातील एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. हे एकदा समजले की लग्नाच्या पंगतीत असो वा सोसायटीच्या हळदीकुंकवात, कोणी तरी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारतेच, "एग फ्रीझिंग केलेली अंडी किती वर्षं टिकतात हो?" नौपाड्यातल्या एका शाकाहारी आजींनी 'अंडी' हा शब्द ऐकून नाक मुरडले होते, तेव्हापासून मी कटाक्षाने 'स्त्रीबीज' म्हणते.

या प्रश्नाचे उत्तर मला व्यवसायात येण्यापूर्वीच ठाऊक होते. माझे वडील मुरबाड तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गाय माजावर आल्याचा निरोप आला की द्रवरूप नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून ते निघत, आणि गोठ्यापाशी कॅनचे झाकण उघडले की पांढरे धुके जमिनीवर सांडत असे. त्या कॅनमधल्या रेतमात्रा ज्या वळूच्या होत्या, तो वळू कित्येकदा मरून गेलेला असे आणि तरीही त्याची वासरे गावोगाव जन्मत. नायट्रोजन किती उरला आहे हे पाहण्यासाठी वडील कॅनमध्ये पट्टी बुडवत, बाहेर काढून हवेत हलवत आणि तिच्यावर जिथपर्यंत दंव धरे तिथपर्यंतचे माप वहीत लिहीत. माझ्या प्रयोगशाळेत आज पातळी तशीच मोजली जाते. फक्त वहीचे रकाने वाढले आहेत.

द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असते. तेथे पेशीतील सर्व रासायनिक व्यवहार थांबतात, त्यामुळे बीज तेथे वर्षभर राहिले काय किंवा दहा वर्षे राहिले काय, त्याचे वय वाढत नाही. वीज गेली तर काय, हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. कॅन म्हणजे निर्वात भिंतींचा मोठा थर्मास, त्याला विजेची गरज नसते. त्याला नायट्रोजन मात्र वेळच्या वेळी लागतो, आणि भर पावसात ती गाडी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकून पडते, म्हणून एक भरलेला कॅन आम्ही नेहमी राखून ठेवतो.

प्रश्नाचे सरळ उत्तर इतकेच आहे. तरीही विचारणारी व्यक्ती निश्चिंत होऊन परत निघाली की मला अस्वस्थ वाटते, कारण तिने टिकण्याबद्दल विचारलेले असते. बीज काढताना तिचे वय काय होते आणि हाती किती बीजे लागली, याबद्दल नाही.

गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिली मानवी गर्भधारणा १९५३ साली झाली. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिला जन्म झाला तो १९८६ साली, ऑस्ट्रेलियात. मधली तेहतीस वर्षे गेली ती पाण्यामुळे. शुक्राणूत पाणी जेमतेम असते. स्त्रीबीज ही शरीरातील सर्वांत मोठी पेशी, मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी आणि पाण्याने भरलेली. सावकाश गोठवले की त्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून चिरतात. यावर पक्का उपाय पुढे निघाला तो व्हिट्रिफिकेशनचा, म्हणजे पाण्याला बर्फ होण्याची उसंतच न देता त्याची काच करून टाकण्याचा. अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संघटनेने या तंत्रावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२ मध्ये काढला.

टेबलावर हे काम असे चालते. काढलेल्या बीजाभोवती पेशींचा ढगासारखा पुंजका असतो. तो सोडवला की सूक्ष्मदर्शकाखाली बीज स्वच्छ दिसते आणि त्याच्या कडेला एक इवलासा मणी आहे का, हे मी पाहते. मणी असेल तर बीज पक्व, नसेल तर बहुधा निरुपयोगी. पक्व बीज आधी सौम्य द्रावणात ठेवते. तेथे ते पाणी सोडून आकसते आणि मग हळूहळू पुन्हा फुगते. त्यानंतरच्या दाट द्रावणात मिनीट-दीड मिनिटाच्या आत त्याला उचलून प्लास्टिकच्या बारीक पात्याच्या टोकावर ठेवावे लागते, भोवतीचे द्रावण जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत ओढून घ्यावे लागते आणि पाते थेट नायट्रोजनमध्ये बुडवावे लागते. त्या मिनिटात माझ्याशी कोणी बोललेले मला चालत नाही.

आता संख्येकडे येते. बीज वितळवताना शंभरातील ऐंशी-नव्वद तगतात. त्यांपैकी सगळ्यांचे फलन होत नाही, फलित झालेल्यांपैकी निम्मी किंवा त्याहून कमी पाचव्या दिवसापर्यंत पोहोचतात आणि पोहोचलेला प्रत्येक गर्भ रुजतोच असे नाही. म्हणूनच पस्तिशीच्या आतील स्त्रीलाही साधारण १० ते १५ पक्व बीजे जमवण्याचा सल्ला देतात, आणि पस्तिशीनंतर गुणसूत्रांतील दोष वाढत असल्याने तेवढ्याच आशेसाठी अधिक बीजे लागतात, तीही नेमकी त्या काळात जेव्हा एका खेपेत कमी मिळतात. अडतिसाव्या वर्षी सहा बीजे गोठवून गेलेली एक स्त्री तीन वर्षांनी परत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सहापैकी पाच तगली, चारांचे फलन झाले, एक गर्भ पाचव्या दिवसापर्यंत आला आणि तो रुजला नाही. ती मला म्हणाली, "पण तुम्ही तर सांगितलं होतं की ती खराब होत नाहीत." ती खरोखरच खराब झालेली नव्हती. मी तिला जे सांगितले होते ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि तो दोष माझा होता.

कर्करोगाच्या उपचारांपूर्वी बीजे गोठवणाऱ्या मुलींपुढे असा हिशेब मांडायला वेळच नसतो. केमोथेरपी थोडी लांबवता येत असेल, तर पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू करून दोन आठवड्यांत बीजे काढता येतात. तेथे चार मिळाली तरी ती मोलाचीच.

मागच्या पावसाळ्यात कासारवडवलीहून एकतीस वर्षांची एक मुलगी आईला घेऊन आली होती. दहा-बारा दिवस पोटावर रोज इंजेक्शन घ्यायचे, मग ट्रिगर, म्हणजे बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३५ तासांनी भूल देऊन बीजे काढायची, हे तिने आधीच वाचलेले होते. आईची भीती वेगळीच होती. "एवढी एकदम काढली तर पुढची संपणार नाहीत का?" त्यांना मी समजावले की दर महिन्याला बीजांचा एक घोळका वाढीला लागतो, त्यातले एक पुढे जाते आणि बाकीची सुकून जातात, इंजेक्शनांनी सुकणारी वाचतात, पुढच्या महिन्यांचा साठा कमी होत नाही. अंडाशय फार सुजण्याचा धोका मात्र असतो, तोही मी लपवला नाही.

मग कायदा. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार २१ वर्षांवरील आणि ५० वर्षांखालील स्त्रीला, अविवाहित असली तरी, हे उपचार घेता येतात. पण सरोगसीच्या कायद्यात एकट्या स्त्रीपैकी फक्त विधवा आणि घटस्फोटिता बसतात, त्यामुळे अविवाहित राहिल्यास ही बीजे स्वतःच्याच गर्भाशयात वाढवावी लागतील, आणि गर्भाशय तरुण राहिले तरी रक्तदाब आणि साखर यांचे वय पुढे सरकतच असते. साठवणुकीच्या बाबतीत कायद्यात दहा वर्षांचा आकडा येतो; तो आपल्याला कसा लागू होतो, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे, असे मी सगळ्यांनाच सांगते.

"सासरच्यांना सांगायचं का?" आईने विचारले. मी काही बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "आई, आधी सासर तर असू दे."

चौदा बीजे मिळाली, त्यांपैकी अकरा पक्व होती. संमतीपत्रात एक प्रश्न असतो की आपल्या मृत्यूनंतर या बीजांचे काय करावे. मुलीने न थांबता एका चौकटीत खूण केली. आई पंख्याकडे पाहत राहिल्या, पर्स उघडली, मिटली आणि मग मला म्हणाल्या, "मॅडम, वर्षाचं भाडं कुठल्या महिन्यात भरायचं, तेवढं लिहून द्या."